अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत

गावातल्या कामाला आधी नाव लागतं. नाव नसेल तर अंदाजपत्रक होत नाही, अंदाजपत्रकाशिवाय तांत्रिक मान्यता नाही, आणि मान्यता नाही म्हटल्यावर पैसा खात्यात नुसता पडून राहतो. मी १९९४ साली ग्रामसेविका म्हणून लागले आणि २०२३ मध्ये ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत अशी शेकडो नावं माझ्या हातानं लिहून झाली. 'अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत सिमेंट रस्ता करणे.' 'मारुती मंदिरापासून अमक्याच्या शेतापर्यंत खडीकरण करणे.' 'समाजमंदिरासमोर पेव्हर ब्लॉक बसवणे.' पण 'माणसांना चालायला वाट करणे' हे नाव मी एकदाही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर अभियंत्यानं सरळ विचारलं असतं, "मॅडम, हे कुठल्या हेडला बसवायचं?" आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

माझं सासर तेर. स्वतःच्या गावात नेमणूक मिळत नाही, म्हणून नोकरी सगळी आसपासच्या गावांत झाली आणि रात्रीचा मुक्काम तेरला. ज्या गावांत काम केलं त्यांची नावं इथं घेत नाही, कारण सांगायच्या आहेत त्या चुका माझ्या आहेत. पण पायी चालणाऱ्याला काय लागतं, ते मला तेरनं शिकवलं.

चैत्र वद्यात इथं गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, यात्रा भरते. शके १२३९ म्हणजे इसवी सन १३१७ मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी समाधी घेतली, अशी परंपरा आहे. मराठवाड्यातला तो उन्हाचा ऐन भर. पहाटेपासून दिंड्या तेरणा नदीच्या काठच्या समाधीकडे येत राहतात. कितीतरी माणसं अनवाणी असतात, आणि डांबर तापलं की जो तो रस्त्याकडेची मातीची पट्टी धरतो. ऊस गाळपाच्या दिवसांत तीच पट्टी दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची होते, आणि चालणारा माणूस नालीच्या काठावर अंग चोरून उभा राहतो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पाय कुठं ठिवावा तेवढं तरी सांगा गं कुणी." त्या कुणाला दोष देत नव्हत्या. त्यांचा तो खराच प्रश्न होता. चिखल तुडवताना विठ्ठलनामात हरवलेल्या कुंभाराच्या पायाखाली त्याचं स्वतःचं लेकरू आलं, ही कथा तेरमधल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पायाचं आणि पायाखालचं मोल इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरीही सासूबाईंच्या त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर माझ्या कार्यालयातल्या कुठल्याच फायलीत नव्हतं.

नोकरीत पुढं प्रशिक्षणं झाली तेव्हा मी राज्यघटनेच्या अनुसूच्या नीट वाचल्या. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत, आणि त्यांत रस्ते, मोऱ्या, पूल, नावा, जलमार्ग आणि दळणवळणाची इतर साधनं आहेत. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं शहरांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्या १८ विषयांत रस्ते आणि पूल आहेत, दिवाबत्ती आहे, बसथांबे आहेत, गाड्या उभ्या करायच्या जागासुद्धा आहेत. पायी चालणाऱ्याची जागा दोन्हींत वेगळ्या नावानं नाही. कायद्याच्या भाषेत ती 'रस्ता' या शब्दातच आली, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरही आहे. पण मी जमाखर्च सांभाळलेली बाई आहे. ज्या गोष्टीला जमाखर्चात स्वतःचा रकाना नसतो, तिच्यासाठी कुणी भांडत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

गावाकडे पैसा येतो तो आपापली अट घेऊन. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली हा गावाचा स्वतःचा पैसा. तो नेहमीच तोकडा, आणि त्यातलेही काही टक्के महिला-बालकल्याण, मागासवर्गीय आणि दिव्यांगांसाठी राखायचे असतात. दलित वस्ती सुधारणेचा पैसा समाजकल्याणकडून येतो, तो त्या वस्तीच्या हद्दीतच वापरायचा. आमदार-खासदारांचा निधी आणि गावोगाव ज्याला नुसतं 'पंचवीस-पंधरा' म्हणतात तो मूलभूत सुविधांचा निधी कामाचं नाव आधीच लिहून घेऊन येतो. अशा निधीला गावात 'आणला' म्हणतात, 'खेचून आणला' म्हणतात, आणि त्याचा फलक लागतो. गावानं स्वतः बसून ठरवायचा खरा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. चौदाव्या आयोगानं २०१५ पासून तो थेट ग्रामपंचायतीला दिला, आणि 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणत आम्ही गावोगाव आराखडे करायला बसलो. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी झाली. बंधितातला अर्धा भाग पाण्याला, अर्धा स्वच्छतेला. अबंधित पैसा गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, फक्त पगार आणि कार्यालयीन खर्चाला नाही. सगळ्यांची ओढ या अबंधितावर असते, आणि त्यातून हमखास निघतो तो सिमेंट रस्ता, अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंतचा. ही दोन घरं कुणाची, हे ठरवण्यात ग्रामसभेचा निम्मा वेळ जातो.

ग्रामसभेबद्दल एक सांगायलाच हवं. गणपूर्ती म्हणजे गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी. तेवढी जमली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे अनेक ठिकाणी गावाच्या वर्षभराच्या पैशाचा निर्णय पंधरा-वीस माणसांत होतो. ती वाईट माणसं नसतात. पण ती मोटारसायकलवर आलेली असतात. त्यांना खड्डा दिसतो, कारण खड्डा चाकाला लागतो. नालीच्या काठानं दवाखान्याला जाणारी बाई, पाठीवर दप्तर घेऊन त्याच काठानं शाळेत जाणारं पोर, काठी टेकत बँकेत पगाराला निघालेले आजोबा, यांतलं कुणी त्या वेळी सभेत नसतं. बाई रानात असते, पोर शाळेत असतं, आजोबांना तिथवर येणंच होत नाही.

आता माझी चूक. चौदाव्या आयोगाच्या पहिल्याच वर्षी एका गावात उघड्या नालीवर सलग स्लॅब टाकायचं काम मी आराखड्यात घातलं. वर चालायला होईल आणि खालून पाणी जाईल, अशी माझी कल्पना. नकाशावर ती फार छान दिसत होती. काम झालं त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी त्या स्लॅबवर रांगोळ्या घातल्या. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी आत गाळ भरला, प्लॅस्टिक अडकलं, आणि सलग स्लॅबखाली हात घालायला जागाच नव्हती. पाणी उलटं फिरून घरांत शिरायला लागलं. लोकांनी पहारी घेऊन जागोजागी स्लॅब फोडला. त्यात त्यांचं काय चुकलं? घरात नालीचं पाणी आल्यावर कुणीही तेच करील. पण त्या फोडलेल्या भगदाडात एका संध्याकाळी एक म्हातारी पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, "बाई, आधीची उघडी व्हती ती बरी व्हती. दिसायची तरी." हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि अजून ते माझ्यापाशी आहे.

त्या काळात मी मुलाकडे पुण्याला जात असे. पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवण्याची सोय केली. पुढं तिथं रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं झाली आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ झाले. त्यावर बाकं आहेत, झाडांना आळी आहेत. मी तिथं बसून नुसती माणसं पाहिली. हात धरून चालणारी म्हातारी जोडपी पाहिली. आमच्याकडे दोन म्हातारी माणसं शेजारी-शेजारी चालतच नाहीत. एक पुढं, एक मागं, कारण वाट तेवढीच असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनेत फूटपाथला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी असं म्हटलं आहे. ते शहरांसाठी झालं. आमची आख्खी गल्लीच दहा-बारा फुटांची. आमच्याकडे फूटपाथ होऊ शकतो तो नालीच्या माथ्यावरच, दुसरी जागाच नाही. म्हणजे माझी जागा बरोबर होती, झाकण्याची रीत चुकली होती.

तेरच्या वस्तुसंग्रहालयाबद्दल इथं बोलायला हवं, कारण माझ्या डोक्यातला एक गुंता तिथं सुटला. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय. तेर म्हणजे जुनं तगर. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून तगरचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जात असे, आणि तेही मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून, असं तो लेखक नोंदवतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसाला आमच्या भागातली जी गोष्ट लिहावीशी वाटली त्यात रस्ता नसणं आहे, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारखीच एक इटलीत पॉम्पेई इथं १९३८ मध्ये सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर. त्या पॉम्पेईच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी उंच फूटपाथ आहेत, आणि रस्ता ओलांडायला मध्ये मोठमोठे दगड ठेवले आहेत, खालून पाणी जावं आणि वरून माणसानं कोरड्या पायानं जावं म्हणून. तिथं ज्याच्या घरासमोरचा फूटपाथ त्यानं तो करायचा, म्हणून दर दाराशी फरशी बदलते. माझी भाची अमेरिकेत असते. ती सांगते, तिथंही कितीतरी शहरांत घरासमोरचा फूटपाथ घरमालकानंच सांभाळायचा असतो आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फही त्यानंच काढायचा.

हे ऐकलं आणि मला आपल्या बायका आठवल्या. दारासमोरचा तुकडा आपला, हे त्यांना कुणी शिकवावं लागतं का? झाडून, सडा घालून, रांगोळी काढून तो तुकडा त्या रोज सांभाळतात. नालीचं झाकण त्यांच्या हाताला उचलता आलं तर त्या नालीही सांभाळतील. मी सलग स्लॅब टाकून ती त्यांच्या हातातून काढून घेतली होती.

माझं शेवटचं मोठं गाव तेरणेच्या खोऱ्यातलंच. २०२१ ची दिवाळी झाली आणि पुढच्या वर्षाचा आराखडा करायचा होता. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळदा ती कागदावर होते, माझ्याकडूनही झाली आहे. त्या वर्षी मी ती दुपारी जेवणं उरकल्यावर वस्तीतल्या पारावर घेतली, आणि सभा सुरू करण्याआधी म्हटलं, आपण आधी आरोग्य उपकेंद्रापर्यंत चालून येऊ. गावफेरी आराखड्यात असतेच, पण ती साहेबांच्या चालीनं होते. त्या दिवशी पुढं एक पंचाहत्तरीची आजी होती आणि आम्ही तीसेक बायका तिच्या मागं. वस्तीपासून उपकेंद्रापर्यंत तिची ५१२ पावलं भरली. नालीच्या या काठावरून त्या काठावर, चिखल चुकवत, उकिरड्याला वळसा घालत, उभ्या ट्रॅक्टरच्या बाजूनं.

त्या ५१२ पावलांत चार मालक होते, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. सुरुवातीची वस्ती समाजकल्याणच्या निधीतली. मग ग्रामपंचायतीची गल्ली. त्यापुढं शाळेच्या भिंतीलगतची जागा. आणि शेवटी मोठा रस्ता, जो गावातून जातो पण गावाचा नसतो. त्याच्या कडेला फरशी बसवायची तरी वरच्या विभागाची ना-हरकत लागते. आजीची वाट एकच होती. पैशाच्या वाटा मात्र चार, आणि एकही तिच्या दारापासून निघून तिच्या कामापर्यंत पोचत नव्हती.

पारावर परतल्यावर बायका बोलायला लागल्या. एक म्हणाली, "रस्ता नगं बाई आता. दरसाल रस्त्यावर रस्ता टाकून आमचा वटा खाली गेला, पावसाचं पाणी घरात येतं." दुसरी म्हणाली, "नालीवर ढापे टाका, पण उचलता यायला पाहिजेत." एका तरुण मुलीनं विचारलं, नाली कशाला, दर घरी शोषखड्डा का नको? नांदेडकडच्या गावांनी शोषखड्डे घेऊन नाल्या बंद केल्या, हे तिनं ऐकलं होतं. प्रश्न योग्य होता. जिथं घरामागं जागा होती तिथं रोजगार हमीतून शोषखड्डे घ्यायचं ठरलं. पण दाट वस्तीत खड्ड्याला जागा नव्हती, तिथं नाली राहणार होती. कुणीतरी दिव्यांग निधीतून उतार करा असं सुचवलं. तो पाच टक्के पैसा त्या माणसांच्या हक्काचा, त्यांच्या हातात जायचा. मी त्याला हात लावायला नको म्हटलं आणि अजूनही माझं तेच मत आहे.

मग ग्रामसभा झाली. तीस बायकांपैकी अकरा जणी आल्या. अकरा म्हणजे फार झाल्या. अबंधित पैशावर त्या वर्षीही सिमेंट रस्ताच झाला, दोन घरांमधला. पण स्वच्छतेच्या बंधित पैशातून नालीचं काम मंजूर झालं, आणि त्यावर फारसं कुणी भांडलं नाही, कारण नालीसाठी कुणी भांडत नाही. कामाचं नाव मी लिहिलं, 'वस्ती ते प्राथमिक शाळा बंदिस्त गटार बांधकाम करणे.' अभियंत्यासोबत बसून ढाप्याचं माप ठरवलं. दोन फूट लांबीचे सुटे ढापे, दर ढाप्याला दोन कड्या, दोन माणसांनी पहार लावून उचलता येतील एवढेच जड. ढाप्याची पातळी रस्त्यापेक्षा चार बोटं वर आणि दारांच्या ओट्यांपेक्षा खाली. शेजारी जिथं जागा मिळाली तिथं पेव्हर ब्लॉकची पट्टी. फूटपाथ हा शब्द अंदाजपत्रकात कुठंही नव्हता. महिलांच्या सभेच्या नोंदवहीत मात्र होता, चालायची वाट असा, आणि खाली अंगठे.

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फूटपाथ वापरण्याचा अधिकार हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, आणि राज्यांनी त्यासाठी मार्गदर्शक सूचना कराव्यात. मी तेव्हा निवृत्त झाले होते. बातमी दोनदा वाचली आणि सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं.

आमचं नालीचं काम त्याआधीच, २०२२ च्या उन्हाळ्यात झालं. मोजमापाच्या दिवशी अभियंता टेप धरून उभा होता. कुंभारगल्लीतले एक आजोबा काठी घेऊन आले आणि कुणी न सांगता एकेक ढापा ठोकत निघाले, भाजलेलं मडकं पारखावं तसे, कान लावून. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी पारखली, ती गोष्ट आमच्या भागात फक्त कीर्तनात राहिलेली नाही, हातातही राहिली आहे. दोन ठिकाणी ते थांबले. "ह्याच्या बुडाशी पोकळ हाय," म्हणाले. ढापे उचलले तर खालची बैठक खरोखरच भरलेली नव्हती. ठेकेदारानं ती नीट भरून घेतली, आणि मग मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली.

त्या वर्षी गाळप सुरू झालं तेव्हा मी पुन्हा आजीच्या मागं चालले. ती सरळ चालत होती, ढाप्यांवरून, इकडं-तिकडं न वळता. पावलं मोजत होते. शाळेची भिंत संपली तिथं काम संपत होतं. पुढं मोठा रस्ता होता आणि पलीकडं उपकेंद्र. आजी काठाशी उभी राहिली. उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या दोन्ही ट्रॉल्या गेल्या, मग दुसरा गेला. धुरळा बसल्यावर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चल आता, पटकन."